वैशाख सरता सरता

घराभोवती चार हात जमीन असलेल्या, किंवा तीही नसल्यास गच्चीवर व सज्ज्यात कुंड्या मांडून हौस भागविणाऱ्या आपल्याकडील गृहस्थांचे बागेचे वर्ष साधारणतः होळीला संपते. शेवंती केव्हाच ओसरलेली असते, झेंडूची रोपे उपटून खताच्या खड्ड्यात गेलेली असतात, फ्लॉक्स, पिटुनिया, डायांथस ही विलायती हंगामी मंडळी उन्हाचा पहिला चटका बसताच माना टाकतात. आणि मग मोगऱ्याच्या आळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी सोडण्यापलीकडे करण्याजोगे काही उरले नाही, अशी समजूत करून घेऊन मालक आणि माळी दोघेही मृगाची वाट पाहत स्वस्थ बसतात.

या समजुतीचे खापर सर्वस्वी त्यांच्याच माथी फोडणे न्याय्य होणार नाही. बागकामावरची जी पुस्तके आपल्याकडे दीर्घकाळ प्रमाण मानली गेली, ती बहुतांशी इंग्लंडचे ऋतुमान डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली, अथवा तशा पुस्तकांवरून बेतलेली. तेथे उन्हाळा हा फुलांचा राजऋतू, आणि उन्हाळ्याच्या अखेरची फुले म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, हवेत गारठा शिरता शिरता उमलणारी फुले. आपला उन्हाळा निराळा. मोसमी पाऊस सर्वसाधारण वर्षी १ जूनला केरळात आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत दाखल होतो; तेव्हा आपल्या उन्हाळ्याची अखेर म्हणजे वैशाखाचा उत्तरार्ध आणि ज्येष्ठाचा आरंभ, शेतकऱ्याच्या हिशेबाने कृत्तिका आणि रोहिणी ही दोन नक्षत्रे. जमिनीला भेगा पडलेल्या, विहिरीचा तळ दिसू लागलेला, दुपारी कावळासुद्धा सावली सोडीत नाही, आणि एखाद्या संध्याकाळी अकस्मात ढग जमून वळीव कोसळतो, असा हा काळ. नेमका हाच काळ फुलण्यासाठी पसंत करणाऱ्या वनस्पतींचा एक लहानसा, विलक्षण आणि बागांतून बराच उपेक्षिलेला वर्ग आहे. त्याचा परिचय करून द्यावा एवढाच या लेखाचा हेतू.

उपेक्षेचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. रोपवाटिकेत गिऱ्हाइकांची वर्दळ असते ती हिवाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी. हिवाळ्यात या वनस्पतींच्या कुंडीत कोरड्या मातीखेरीज काहीही दिसत नाही, आणि नुसत्या मातीला दाम मोजणारा ग्राहक विरळाच! घरी आणलेल्या कुंडीचीही तीच गत. दिवाळीनंतर पाने पिवळी पडून नाहीशी झाली की, ‘हे झाड मेले’ असा निवाडा देऊन माळी त्या कुंडीत दुसरे काहीतरी खोचतो, किंवा माती मोकळी करण्याच्या उत्साहात खुरप्याने कंदाचे दोन तुकडे करतो. पुष्कळ बागांतील भुईचाफ्याचा शेवट असाच झाला असावा, असा माझा कयास आहे.

या वर्गातील बहुतेक वनस्पती कंदधारी आहेत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कंद, गड्डा आणि मूलस्तंभ हे वेगवेगळे अवयव होत. कोठे पानांचे मांसल तळ एकावर एक चढलेले असतात, कोठे खोडच भूमिगत होऊन फुगलेले असते, कोठे मुळांना गाठी धरलेल्या असतात. परंतु कारभाराची रीत एकच. पावसाळ्याचे चार महिने जमिनीवर पाने पसरून सूर्यप्रकाशाचा वसूल गोळा करावयाचा, त्याचे पिष्ट करून भूमिगत खजिन्यात भरणा करावयाचा, दिवाळीच्या सुमारास पाने बरखास्त करून दफ्तर बंद करावयाचे, आणि मग सहा महिने एका पैचीही नवी जमा न होता त्या शिल्लकेवर निभावून, साल अखेरीस तिच्यातील मोठा हिस्सा फूल या एकाच बाबीवर खर्ची घालावयाचा. ही व्यवस्था वरवर पाहता उधळेपणाची वाटते. वस्तुतः तिच्यामागे मोठा विवेक आहे. पान म्हणजे पाण्याचा अहोरात्र व्यय, आणि वैशाखात तो परवडण्यासारखा नसतो. फुलाचा खर्च थोडक्या दिवसांत आटोपतो. शिवाय रान या वेळी मोकळे असते, गवत व वेली वाढलेल्या नसतात, त्यामुळे जमिनीलगत उमललेले फूलही कीटकांच्या दृष्टीस पडते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या दिवसांत फलधारणा झाली तर बी पिकून भुईवर पडते ते ऐन पावसाळ्यात. त्यामुळे कोवळ्या रोपाला मुळे धरून आपला पहिला इवलासा कंद साठविण्यास अवधी मिळतो. तेच फूल आश्विनात आले असते तर बीजाच्या नशिबी कोरडी भुई आली असती.

आपल्या जुन्या परसांतून एकेकाळी भुईचाफा हटकून असे, म्हणून आरंभ त्याच्यापासून. चाफ्याच्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही. तो आले-हळदीच्या कुळातला. शास्त्रीय नाव केंफेरिया रोटुंडा. लिनियसने १७५३ साली हे नाव योजताना ज्याचे स्मरण केले तो एंगेलबर्ट केंफर हा १६५१ साली जन्मलेला जर्मन वैद्य, इराणमार्गे पूर्वेकडे येऊन डच कंपनीच्या चाकरीत शिरला आणि १६९० पासून दोन वर्षे नागासाकीच्या बंदरातील देजिमा नावाच्या चिमुकल्या बेटावर राहिला. परकीयांना तेथून बाहेर पाऊल टाकण्यास सक्त मनाई. तरीही औषधोपचाराच्या निमित्ताने ओळखी जोडून या गृहस्थाने जपानच्या वनस्पतींची जी टिपणे केली, ती १७१२ साली लॅटिन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि गिंको वृक्षाची ओळख युरोपला त्यांच्यामुळेच झाली. अशा चौकस माणसाचे नाव एखाद्या दिमाखदार वृक्षाला न देता, वर्षातील बराच काळ मातीत दडून राहणाऱ्या वनस्पतीला मिळावे, यात मला तरी काही अनौचित्य दिसत नाही.

चैत्र-वैशाखात, पानाचा मागमूस नसताना, भुईचाफ्याचे फूल थेट मातीतून वर येते. देठ असा दिसत नाहीच. फुलाची लांब नळी जमिनीखालून निघालेली असते, आणि मातीच्या पृष्ठभागावर कोणी सकाळी फुले आणून ठेवली असावीत असा भास होतो. फूल पांढरे, खालच्या ओठावर जांभळी झाक, वास मंद परंतु निश्चित. एक फूल एकच दिवस टिकते. मात्र एका झुबक्यातून ती एकामागून एक उमलत राहतात, आणि जुना, भरलेला गड्डा असला तर हा क्रम कित्येक दिवस चालतो. ज्याला आपण पाकळ्या समजतो तो सर्व भाग या कुळात पाकळ्यांचा नसतो, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. खऱ्या पाकळ्या अरुंद असून मागे पडलेल्या असतात. नजरेत भरतात ते पुंकेसर, ज्यांनी पराग निर्माण करण्याचे आपले मूळ काम सोडून रुंद, रंगीत रूप धारण केले आहे. दोन पुंकेसर एकत्र जुळून तो जांभळा, मधोमध चिरलेला ओठ झालेला असतो, आणि परागाचे काम उरलेल्या एकट्या पुंकेसराकडे आलेले असते.

फुले संपली की पाने येतात, आणि ती स्वतंत्र बागशोभेच्या योग्यतेची असतात: उभी, लांबट, वरच्या बाजूस गर्द हिरव्यावर फिकट नक्षी, खालची बाजू जांभळट. भुईचाफ्याला विरळ सावली मानवते. आंब्याच्या किंवा फणसाच्या पूर्वेकडची जागा त्याला उत्तम. गड्डा दोन बोटे खोल पुरावा, दर तीन-चार वर्षांनी माघात उकरून विभागावा, आणि हिवाळ्यात त्या जागी पाणी साचणार नाही एवढी खबरदारी घ्यावी. एवढ्या स्वल्प अपेक्षा असलेले दुसरे सुगंधी झाड दाखविणे कठीण आहे, आणि तरीही शहरांतील नव्या बागांत ते जवळपास दिसतच नाही. परदेशी शोभेच्या पानांनी त्याची जागा घेतली, हा सुधारणेचा प्रकार की विस्मरणाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

भुईचाफा जितका संकोची तितके मे फ्लॉवर उघड मिजासीचे. एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात कुंडीतील मातीतून एक जाड, ठिपकेदार दांडा वर येतो, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या टोकाशी लाल फुलांचा संपूर्ण गोल उमलतो. या गोलात शेदोनशेपर्यंत लहान फुले असतात. प्रत्येक फुलाला सहा अरुंद पाकळ्या आणि त्यांच्याबाहेर डोकावणारे सहा केसर, टोकांवर पिवळे पराग. गोलाचा व्यास वीतभरापर्यंत भरतो. कोणी याला फुटबॉल लिली म्हणतात. नाव ग्राम्य खरे, पण पाहणाऱ्याला ते खोटे वाटत नाही. मुळात ही वनस्पती आफ्रिकेतली, सेनेगलपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पसरलेली. शास्त्रीय नाव स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस. तेथील विस्तीर्ण गवताळ व विरळ झाडीच्या प्रदेशांतून ओला आणि कोरडा असे दोनच ऋतू एकमेकांपासून स्पष्ट तुटलेले असतात, आणि आपल्या दख्खनचे ऋतुमान त्याहून फारसे निराळे नाही. म्हणूनच या पाहुणीला येथे रुजण्यास सायास पडले नाहीत; गुलाबाला पुण्यामुंबईत जेवढी मनधरणी लागते तिच्या शतांशानेही हिचे भागते.

हिच्या बाबतीत चुका होतात त्या अतिदक्षतेच्या. पहिली चूक कंद खोल पुरण्याची; त्याची मान मातीच्या वर, निदान पृष्ठभागाशी राहिली पाहिजे. दुसरी, दरवर्षी कुंडी बदलण्याची. मुळे दुखावलेली हिला खपत नाहीत, आणि कुंडीत थोडी दाटी झालेली उलट मानवते. तीन-चार वर्षे तिला हात लावू नये. तिसरी आणि सर्वांत सार्वत्रिक चूक हिवाळ्यात पाणी घालण्याची. कार्तिकात पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करीत जावे आणि ती पूर्ण वाळली की अजिबात बंद करावे. कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवून मार्चअखेरपर्यंत तिचा विसर पडला तरी चालेल. मे फ्लॉवरच्या सर्व भागांत विषारी द्रव्ये आहेत. घरात रांगते मूल किंवा कुरतडणारे कुत्रे-मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवणे इष्ट.

रेन लिलीची गोष्ट आणखी निराळी, कारण तिला कॅलेंडर ठाऊक नाही. तिला ठाऊक आहे ते फक्त कोरडे आणि ओले. मेक्सिको, क्यूबा, अर्जेंटिना अशा अमेरिकेच्या निरनिराळ्या भागांतून जगभर गेलेल्या या झेफिरँथस प्रजातीच्या लिलीचे पांढरे, गुलाबी आणि पिवळे असे प्रकार आपल्याकडे मिळतात. पाने गवतासारखी, कंद लहान कांद्याएवढा. वळवाची एक दणदणीत सर पडून गेली की तीन-चार दिवसांनी, आदल्या दिवशी जेथे गवताखेरीज काही नव्हते तेथे, सर्वच्या सर्व फुले एकदम हजर होतात. एक-दोन दिवस राहतात आणि जातात. पुन्हा कोरड, पुन्हा पाऊस, पुन्हा फुले. ज्यांना नित्यनेमाने झारी फिरविण्याची सवय आहे त्यांच्याकडे ही लिली पाने भरभरून देते आणि फुलांना कुचराई करते. कारण कोरड पडल्याशिवाय तिला ओलीचा अर्थ लागत नाही. कुंडी तीनचार आठवडे सुकू द्यावी आणि मग एके संध्याकाळी तळातून पाणी वाहीपर्यंत भिजवावी. पुष्कळदा एवढ्याने ती फसते. मात्र खऱ्या पावसानंतर येणारा बहर आणि नळाच्या पाण्याने आणलेला बहर शेजारी शेजारी पाहिल्यास फरक लपत नाही.

आता ज्या वनस्पतीकडे वळावयाचे तिला बागेत प्रवेश द्यावा की नाही याविषयी कुटुंबात मतभेद होण्याचा संभव आहे. सुरण आपण भाजीसाठी लावतो आणि गड्डा वजनदार झाला की काढतो. त्यामुळे सुरणाचे फूल पुष्कळांनी जन्मात पाहिलेले नसते. परंतु एखादा गड्डा काही वर्षे तसाच राहून गेला, तर एखाद्या मे महिन्यात पानाऐवजी जमिनीतून एक अजस्र, मांसल पुष्पसंभार वर येतो: बाहेर कडा मुरडलेले, तांबूस-जांभळे, पसरट आवरण आणि मधोमध मेंदूसारखा वळ्या पडलेला गडद गोळा. वास कुजलेल्या मांसाचा. हा दुर्गंध हेतुपूर्वक असतो. मधल्या दांड्याच्या तळाशी स्त्रीफुले, त्यांच्यावर पुरुषफुले, आणि वर तो वांझ गोळा. फुलण्याच्या वेळी हा गोळा स्वतःची उष्णता वाढवितो, त्यामुळे वास हवेत दूरवर पसरतो आणि सडक्या मांसावर अंडी घालणारे भुंगे व माश्या फसून येतात. स्त्रीफुले आधी तयार होतात, पुरुषफुले नंतर. म्हणजे एका फुलाचे पराग त्याच फुलावर न पडता, कीटकाबरोबर दुसरीकडे जावेत, अशी ही तजवीज. सुमात्रातील ज्या टायटन फुलाच्या दर्शनासाठी युरोप-अमेरिकेच्या वनस्पतिउद्यानांत रांगा लागतात, ते याच सुरणाचे थोरले भावंड. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी याला ते १८७८ साली आढळले आणि लंडनच्या क्यू उद्यानात १८८९ साली लागवडीत प्रथम फुलले. आपल्या परसातल्या सुरणाला तसा प्रेक्षक लाभत नाही; शेजारी ‘उंदीर मेला आहे का’ एवढीच चौकशी करतात.

सुरणाच्याच प्रजातीतली, आपल्या सह्याद्रीची खास रहिवासी म्हणजे शेवळा. ठाणे, रायगड, पालघर या जिल्ह्यांच्या रानांत वळवाचे एक-दोन शिंतोडे झाले की तिचे लांब, निमुळते, तपकिरी-जांभळे कोंब वर येतात, आणि ज्येष्ठाच्या आरंभी आदिवासी बायका त्यांच्या जुड्या बांधून बाजारात घेऊन बसतात. भाजी म्हणून आपण जे विकत घेतो ते तिचे न उमललेले फूलच होय, हे घेणाऱ्यांपैकी किती जणांच्या ध्यानी असते कोण जाणे! सुरणाप्रमाणे हिच्यातही चुन्याच्या क्षाराचे सूक्ष्म सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला टोचतात आणि खाज सुटते. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकावयाचा, बाकीचे बारीक चिरून तेलावर चांगले परतावयाचे, आणि चिंच किंवा त्याच सुमारास बाजारात येणारी काकडे ही आंबट फळे ठेचून त्यांचा रस घालावयाचा, हा परंपरेचा दंडक. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांतून शेवळाच्या भाजीला कोळंबीची जोड मिळते आणि त्या दिवशीच्या पंगतीला येण्यासाठी लोक आमंत्रणाची वाट पाहत नाहीत. बागेत शेवळा लावणे अवघड नाही; झाडाखालच्या पालापाचोळ्याच्या मातीत ती निमूट राहते. फूल भाजीला काढावे की पाहण्यास ठेवावे, हा निर्णय मात्र दरवर्षी नव्याने करावा लागतो, आणि तो स्वयंपाकघरात होतो.

रानातल्या इतर कंदांची नावे घेऊ लागले तर यादी लांबेल. गडांबीकांद्याची पांढऱ्यावर गुलाबी पट्टा असलेली तुतारीसारखी फुले पहिल्या सरींबरोबर येतात. रानहळदीच्या काही जाती पानांच्या आधी जमिनीतून गुलाबी तुरे काढतात. कोकणच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर पाऊस सुरू होताच दीपकाडीची शुभ्र फुले दिसतात. ही वनस्पती कोकणच्या त्या पट्ट्याबाहेर जगात कोठेही आढळत नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे एके काळचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जातीजातीच्या वर्णनासोबत फुलण्याचे महिने नोंदलेले आहेत. तो चाळताना मे आणि जून या महिन्यांपुढे किती कंदवर्गीय नावे पडतात हे पाहणे उद्बोधक आहे. परंतु पाहणे आणि उकरून आणणे यांत अंतर ठेवले पाहिजे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यान्वये राखीव जंगलातील वनस्पती परवान्यावाचून काढून आणणे हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी दीपकाडीसारखी, सड्याच्या चार बोटे मातीत तगून राहणारी वनस्पती कुंडीत आणून आपण तिच्यावर काही उपकार करीत नाही.

हाच इशारा सीतेच्या वेणीच्या बाबतीत दुप्पट जोराने द्यावा लागतो, कारण तिचे रूप मोहात पाडणारे आहे. ही आमरी वर्गातील, म्हणजे ऑर्किडांच्या कुळातील वनस्पती झाडाच्या फांदीवर राहते. बांडगुळाप्रमाणे झाडाचा रस शोषीत नाही, केवळ आधार घेते. तिची जाड, लोंबती मुळे पांढुरक्या, सच्छिद्र आवरणाने झाकलेली असतात आणि ती पावसाचे पाणी, दव आणि हवेतील ओल टिपून घेतात. जमिनीत कंद नसला तरी जाड, पन्हाळीसारख्या पानांत आणि या मुळांत तिची पाण्याची बेगमी असते. मे-जूनमध्ये तिला जे लोंबते घोस येतात त्यांत शंभराहून अधिक फुले दाटीने गुंफलेली असतात, पांढऱ्यावर गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांची. आसामात हिला कोपौ म्हणतात. तेथे ती बिहूच्या सणाला, म्हणजे आपल्याहून जरा लवकर, फुलते, मुली केसांत माळतात आणि त्या राज्याने तिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. आमच्या बाजूला ती आंबोलीच्या, महाबळेश्वरच्या रानांत आंब्या-जांभळांच्या फांद्यांवर मुकाट फुलून जाते. परवानाधारक रोपवाटिकांतून कृत्रिम रीतीने वाढविलेली रोपे मिळतात, तीच घ्यावीत. आंब्याच्या फांदीला किंवा सागाच्या सालीच्या तुकड्याला काथ्याने बांधावीत, आणि उन्हाळ्यात सकाळी पाण्याचा फवारा द्यावा. कुंडीत माती भरून ती लावणारे लोक तिची मुळे कुजवितात.

मोठ्या वृक्षांविषयी विस्ताराने लिहिण्याची येथे गरज नाही. ताम्हण महाराष्ट्राचे राज्यपुष्प असल्यामुळे त्याचे नाव सर्वांनी ऐकलेले असते, आणि मे महिन्यात त्याचे जांभळे तुरे पाहिलेलेही असतात. ज्या लागेरस्ट्रोम नावाच्या गृहस्थाच्या सन्मानार्थ लिनियसने या वृक्षाच्या प्रजातीला नाव दिले तो स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता आणि पूर्वेकडून वनस्पतींचे नमुने मिळवून देणे ही त्याची कामगिरी, एवढे सांगून पुढे जावे. लहान अंगणात ताम्हण लावू नये. तो नदीकाठचा, पाण्याचा भोक्ता वृक्ष आहे. अंगणासाठी अनंत बरा, फक्त त्याच्या कळ्या गळतात त्या पाण्याच्या अनियमितपणाने, हे ध्यानात ठेवावे. आणि आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते मेक्सिकोकडचे निवडुंग. हिमालयात उंचावर फुलणाऱ्या खऱ्या ब्रह्मकमळाशी त्याचे काहीच नाते नाही. पाने म्हणून जी दिसतात ती चपटी झालेली खोडे, आणि वीतभर रुंदीची ती पांढरी फुले रात्री उमलून पहाटे मिटतात, कारण त्यांचे आश्रयदाते निशाचर पतंग. त्याचा पहिला बहर पुष्कळदा मे-जूनमध्येच येतो, आणि चाळीत एका घरी ते फुलणार असे कळताच रात्री दहाला सगळे शेजारी हळदकुंकू घेऊन हजर होतात. त्याला अनवट म्हणण्याचे दिवस गेले.

वर सांगितलेल्या कंदांच्या जोपासनेत एकच कसब लागते, आणि ते हात आवरण्याचे. माती निचऱ्याची हवी: पोयटा, जाडी रेती आणि जुने पानखत समभाग घेतल्यास बहुतेक कंदांना पुरते, काळी चिकण माती कुंडीत घेऊच नये. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत पाणी बंद. चैत्रात कोंब दिसला तरच झारी हातात घ्यावी, तीही बेताने, आणि कोंब दिसला नाही म्हणून माती उकरून पाहण्याचा मोह टाळावा. फुले झडल्यावर येणाऱ्या पानांना मात्र भरपूर उजेड, आषाढापासून भाद्रपदापर्यंत महिन्यातून एकदा मूठभर शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड द्यावी. ती पाने आडवी पसरतात, बागेचा नीटनेटकेपणा बिघडवितात, म्हणून कापून टाकणारे लोक पुढील वैशाखात फूल का आले नाही याचा शोध खतात आणि हवेत करीत बसतात.

याच पानांवर श्रावणाच्या सुमारास काळ्या अंगावर पांढरे आणि तांबूस ठिपके असलेल्या अळ्या पडतात. लिलीच्या कुळावर त्यांचा विशेष लोभ. मे फ्लॉवर, गडांबीकांदा आणि रेन लिली यांची पाने त्या झपाट्याने फस्त करतात आणि पाने संपली की कंदाच्या मानेत शिरतात. औषध फवारण्यापेक्षा दिवसातून दोनदा, उजाडताना आणि दिवेलागणीला, हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे अधिक खात्रीचे ठरते. पानांच्या खालच्या बाजूला अंड्यांचे पुंजके दिसले तर तेवढा भाग खुडून टाकावा. नवीन कंद घ्यावयाचे असतील तर पौष-माघ हा योग्य काळ, कारण त्या वेळी ते झोपेत असतात आणि प्रवास सोसतात. विकत घेताना कंद दाबून पाहावा, तो घट्ट लागला पाहिजे. बुडाशी मऊपणा किंवा बुरशी असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी परत करावा.